वाईट वाटेवरचे सोबती

गेम टेस्टिंगमध्ये एक काम असतं, त्याला आम्ही सरळ ‘ईव्हिल रन’ म्हणायचो. फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडूला चांगलं वागायची मुभा असते तशी वाईट वागायचीही असते, आणि ती दिली की कुणालातरी पहिल्यापासून शेवटपर्यंत तसं खेळून बघावं लागतं. गाव वाचवायच्या ऐवजी लुटलं तर पुढचं दार उघडतं का? ज्याला मारून टाकलं तो दोन मुक्कामांनंतर जिवंत होऊन बोलायला लागत नाही ना? धाक दाखवून मिळवलेली किल्ली खरंच झोळीत येते का? परदेशी स्टुडिओंसाठी असं काम करणाऱ्या कंपन्या पुण्यात आहेत. त्यातल्या एकीत मी काही वर्षं होतो आणि ईव्हिल रन बहुतेक वेळा माझ्या वाट्याला यायची. पुढे एका लहान स्टुडिओत लिहायला लागलो. टेस्टिंगच्या काळातल्या गेमची नावं करारामुळे सांगता येत नाहीत, म्हणून उदाहरणं जगभर खेळल्या गेलेल्या गेममधली घेतो.

त्या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. वाईट वाट नायकाच्या क्रौर्यावर उभी राहत नाही, त्याच्यासोबत चालणाऱ्या माणसांवर उभी राहते. आणि ती माणसं पहिल्यांदा कशी भेटतात तिथेच तिचं निम्मं भवितव्य ठरतं.

जे हे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अशा गेममध्ये नायक तुम्ही घडवता: त्याचं कुळ, त्याची विद्या, त्याचा चेहरा. वाटेत माणसं भेटतात, त्यांतली काही सोबत येतात. खेळणारे त्यांना कंपॅनियन म्हणतात, मी इथे सोबती म्हणतो. ते लढाईत मदत करतात हा त्यांचा वरवरचा उपयोग. खरा उपयोग असा की ते बघत असतात. तुम्ही कैद्याला सोडलं, भिकाऱ्याला हाकललं, दिलेला शब्द मोडला की कुणाला ते पटतं, कुणाला पटत नाही, आणि तशी नोंद पडद्याच्या कोपऱ्यात उमटते. ओसाड रानात एकट्याने केलेल्या पापाला गेममध्ये वजन नसतं. दोन आकडे बदलतात, संपलं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने मान फिरवली की त्या पापाला वजन येतं.

हे लवकर ओळखणाऱ्यांत कॅनडातल्या एडमंटन शहरातली बायोवेअर ही कंपनी होती. वैद्यकीचं शिक्षण घेतलेल्या मित्रांनी ती १९९५ साली सुरू केली आणि १९९८ च्या डिसेंबरात त्यांचा ‘बाल्डर्स गेट’ आला. त्याची सुरुवात मी नव्या लेखकांना अजून दाखवतो. नायकाला वाढवणारा गोरायन रात्री रानात मारला जातो. सकाळी बालमैत्रीण इमोएन येऊन मिळते. आणि जरा पुढे रस्त्यावर दोघे जण भेटतात: झार नावाचा डोकं फिरलेला जादूगार आणि मोंटारॉन नावाचा ठेंगणा, कायम करवादलेला चोर. ते औषधाच्या बाटल्या पुढे करतात आणि बदल्यात नॅशकेल गावापर्यंत सोबत मागतात. दोघेही दुष्ट आहेत, गेमच्या नियमांत तशी नोंदच आहे. पण ते मदत घेऊन येतात, आणि पोरका झालेला नायक कुणाचाही हात धरेल अशा घडीला येतात.

त्याच रस्त्याने पुढे गेलं की एका सराईत खालिद आणि जाहीरा हे जोडपं वाट बघत असतं. गोरायनचे जुने स्नेही, भली माणसं. त्यांनाही नॅशकेललाच जायचं असतं! मला या मांडणीचं अजून कौतुक वाटतं. वाईट वाट म्हणून वेगळा फाटा नाही, काळं दार नाही, लाल अक्षरं नाहीत. रस्ता एकच, काम एकच, फक्त कुणासोबत जायचं ते तुम्ही ठरवा. दोन्ही जोड्या एकत्र ठेवल्या तर त्यांची आपसांत धुसफूस सुरू होते आणि ती मारामारीपर्यंत जाऊ शकते.

त्या गेममध्ये नायकाचा लौकिक १ ते २० अशा मापात मोजला जायचा. लौकिक फार घसरला की सज्जन सोबती सोडून जात, फार वाढला की दुष्ट जात. दुसरी बाजू मला कधी पटली नाही. लोकांत चांगलं नाव असणं कुठल्याही ठकाच्या पथ्यावरच पडतं. तो कंटाळून निघून का जाईल? दुष्ट माणसाला चांगुलपणाची ॲलर्जी असते असं धरून लिहिलं की तो माणूस राहत नाही, खूण होऊन बसतो. पुढची पंचवीस वर्षं गेम लिहिणारे याच खड्ड्याशी झगडत आले आहेत.

त्याच गेममध्ये या खड्ड्यातून वर काढणारं एक पात्रही आहे. व्हायकोनिया ही ड्राऊ, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या आणि वर सगळ्यांच्या तिरस्काराचा विषय असलेल्या एल्फ जमातीतली. ती पळत येते, मागे शिपाई लागलेला. शिपायाच्या आड आलात तर त्याच्याशी लढावं लागतं, आणि तिला सोबत घेतलं की लौकिक खाली येतो. २००० साली दुसरा भाग आला त्यात ती पुन्हा भेटते: भर चौकात खांबाला बांधलेली, जाळायला जमाव जमलेला. ती पुढे स्वभावाने कडवट आणि निर्दय निघते, त्यात लेखकांनी काही लपवलेलं नाही. पण आपण तिला त्या खांबापाशी पाहिलेलं असतं. सज्जनांच्या गावाने तिला काय देऊ केलं होतं ते आपल्याला ठाऊक असतं. दुष्ट सोबत्याची पहिली भेट अशी हवी, की त्याचं पुढचं बोलणं आपल्याला आवडो न आवडो, ते कुठून येतंय ते कळावं.

आता सगळ्यात कठोर उदाहरण. २००३ सालचा ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ हाही बायोवेअरचाच. तो स्टार वॉर्सच्या जगात घडतो, पण बांधणी फँटसी गेमचीच आहे. टॅरिस नावाच्या शहराच्या तळाच्या वस्तीत मिशन नावाची चौदा वर्षांची पोर भेटते, तोंडाळ आणि धीट. तिचा मित्र झालबार, अंगभर केस असलेला वूकी जमातीचा धिप्पाड गडी, गुलामांचा धंदा करणाऱ्यांच्या तावडीत सापडलेला असतो. गटारांतून वाट काढत तुम्ही त्याला सोडवता. तो तिथेच शपथ घेतो की हा जीव आता तुझा, मरेपर्यंत तुझ्यासोबत राहीन. मिशन त्याला एकटं सोडणार नाही, म्हणून तीही येते. पुढचे कित्येक तास ही जोडी तुमच्या मागे बडबड करत चालते.

नायक जर शेवटी अंधाराच्या बाजूला गेला, तर एका किनाऱ्यावर मिशन त्याच्यासमोर उभी राहते आणि साथ द्यायला नकार देते. तिथे खेळाडूला एक पर्याय दिसतो: झालबारला शपथेची आठवण करून द्यायची आणि मिशनला त्याच्या हातून मारायचं.

लेखकांना या प्रसंगासाठी नवं काही आणावं लागलेलं नाही. नवं हत्यार नाही, नवा खलपुरुष नाही. पहिल्या भेटीतली शपथ, सगळ्या गेममधला सगळ्यात उदात्त क्षण, तीच त्यांनी पुन्हा वापरली. वाईट वाट म्हणजे काय हे मला विचाराल तर मी याच किनाऱ्याकडे बोट दाखवीन. रक्त इथे फारसं दिसत नाही, ओरडाआरडा नाही. एक वचन आहे आणि ते ज्याच्या हाती दिलं तो माणूस बदलला आहे.

टेस्टिंगला बसल्यावर मात्र वेगळंच दिसायचं. बहुतेक गेममध्ये वाईट वाट नंतर सुचलेली असते. चांगल्या वाटेचे संवाद लिहून, नटांचे आवाज रेकॉर्ड करून झालेले असतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, खेळाडूने उलटं केलं तर? असा एक बग, म्हणजे गेममधला दोष, मला सापडला, त्याचे तपशील थोडे बदलून सांगतो.

नदीकाठी कोळ्यांचं गाव. चांगल्या वाटेवर नायक ते दरोडेखोरांपासून वाचवतो. वाईट वाटेवर दरोडेखोरांशी सौदा करून पहाटे पेटवून देतो. सोबतीला त्याच भागातली एक तिरंदाज मुलगी. मी गाव पेटवलं, मुक्कामावर आलो, तिच्यावर क्लिक केलं. ती हसून म्हणाली की इथल्या सुक्या मासळीचा वास काही कपड्यांतून जात नाही, उद्या परत जाऊ तेव्हा आणखी घेऊ.

बग कळवायचं टिकेट कोरडं लिहायचं असतं: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मी लिहिलं. ‘काय व्हायला हवं होतं’ या रकान्यात लिहिलं, की सोबतीला गाव जळाल्याचं माहीत असावं. टिकेट ‘मायनर’ होऊन परत आलं. स्टुडिओचं म्हणणं नियमाला धरून होतं: गेम अडकत नाही, पुढे खेळता येतं. आमच्या टीमच्या लीडने ते वाचलं आणि माझ्या खुर्चीपाशी येऊन म्हणाली, “अरे, गेम इथेच बंद पडलाय. फक्त पडद्यावर एरर दिसत नाहीये.” तिने ते ‘मेजर’ करून, खाली स्वतःची चार ओळींची टीप जोडून परत पाठवलं.

कारण साधं होतं. गेम प्रत्येक घटनेची खूण ठेवतो, तिला फ्लॅग म्हणतात. त्या मुलीचा संवाद ‘गावाचं काम संपलं’ एवढाच फ्लॅग बघत होता. कसं संपलं, हे बघत नव्हता. अट दुरुस्त करणं पाच मिनिटांचं काम, पण अट दुरुस्त केल्यावर ती बोलणार काय? नटीचं रेकॉर्डिंग केव्हाच उरकलं होतं, नवी ओळ मिळणार नव्हती. पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या पुढच्या आवृत्तीत, उत्तर आलं. तिच्यावर क्लिक केलं तरी ती वर बघत नाही. गुडघ्यावर धनुष्य घेऊन दोरी घासत राहते. दुसऱ्यांदा क्लिक केलं की उठते आणि शेकोटीच्या पलीकडे जाऊन बसते. दोन्ही हालचाली गेममध्ये आधीपासून होत्या, लढाईआधीच्या तयारीसाठी केलेल्या. कुणीतरी, मला कधीच न भेटलेल्या एखाद्या डिझायनरने, त्या तिथे आणून बसवल्या होत्या. एक पैचा नवा खर्च नाही. मी ते बिल्ड तपासून टिकेट बंद केलं आणि त्याच दिवशी ठरवलं की आपल्याला हे लिहायचं आहे.

वाईट वाटेवर खर्च का होत नाही, याला कारण आहे. ‘मास इफेक्ट’ मालिकेवर काम केलेल्या बायोवेअरच्या एका माजी डिझायनरने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, की त्यांच्याकडे सुमारे ९२ टक्के खेळाडू सज्जन वाटेनेच गेले, आणि दुसऱ्या वाटेवरही त्यांनी पुष्कळ मेहनत घेतली होती. शंभरातले आठ लोक जिथे जाणार तिथे आवाज, हालचाली, देखावे यांवर पैसा घालायला कोण तयार होईल? मग ती वाट हलक्या हाताने लिहिली जाते, हलकी लिहिली म्हणून कुणी जात नाही, आणि कुणी जात नाही म्हणून पुढच्या वेळी आणखी हलकी होते.

‘बाल्डर्स गेट ३’ने हे चक्र मोडायचा प्रयत्न केला. बेल्जियममधल्या घेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजचा हा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि त्या वर्षाचे मोठे पुरस्कार घेऊन गेला. यातल्या पहिल्या भेटी म्हणजे लेखकांसाठी शाळा आहे. ॲस्टॅरियन मदतीला हाक मारतो, झुडपात काहीतरी लपलंय म्हणतो, तुम्ही वाकून बघता आणि तो सुरा गळ्याला लावतो. त्याचा सगळा स्वभाव त्या अर्ध्या मिनिटात आहे: गोड हाक, डाव, आणि डावामागची भीती. गेल नावाचा जादूगार तर आधी दिसतच नाही. दगडावर फिरणाऱ्या जांभळ्या भोवऱ्यातून फक्त त्याचा हात बाहेर आलेला असतो, कुणीतरी ओढून काढा म्हणून.

याच हातापाशी पहिली भेट आणि दुष्टपणा एकमेकांना भिडतात. या गेममध्ये ‘डार्क अर्ज’ नावाचा एक तयार नायक घेता येतो. त्याला स्वतःचा भूतकाळ आठवत नाही, आणि मनात खुनाची ऊर्मी दाटून येते. तो त्या भोवऱ्यापाशी आला की त्याला तो हात तोडावासा वाटतो, आणि खेळाडूने होकार दिला तर तो तोडतोही. हात झोळीत जमा होतो. गेल पुढच्या सगळ्या गेममध्ये नाही. ज्याची कहाणी ऐकायला लोक तासन्‌तास मुक्कामावर बसतात, तो माणूस नाव सांगण्याआधीच संपतो. हे लिहून घ्यायला आणि तसंच ठेवायला मोठी हिंमत लागते.

त्याहून खोल आहे अल्फिरा. ही गाणारी मुलगी आधी निर्वासितांच्या वस्तीत भेटते. गेलेल्या गुरूसाठी ती एक गाणं रचत असते, तुम्ही तिला ते पुरं करायला मदत करू शकता. डार्क अर्ज घेऊन खेळत असाल तर ती एका रात्री मुक्कामावर येते आणि सोबत येऊ का विचारते. सगळं कसं सोबत्याच्या एन्ट्रीसारखं. सकाळी ती मेलेली असते आणि तुमचे हात रक्ताने भरलेले. इथे खेळाडूला निवड दिलेलीच नाही. आधी मला हे खटकलं होतं, कारण रोलप्ले म्हणजे निवड असं आम्ही घोकत आलो. पण निवड पुढे आहे: मुक्कामावरचे लोक उठायच्या आत काय करायचं, त्यांना काय सांगायचं, आणि पुन्हा अशी ऊर्मी आली तर तिच्याशी झुंजायचं की तिला वाट द्यायची. दुष्टपणाला आधी कारण मिळालं, मग प्रतिकार मिळाला, आणि दोन्हींना साक्षीदार मिळाले. या वाटेबद्दल लॅरियनचं ऋण आम्हा सगळ्यांवर आहे.

त्याच गेममधली दुसरी वाईट वाट मला तितकी भरलेली वाटली नाही. गॉब्लिनांची सरदारीण मिंथारा हिच्याशी हातमिळवणी करून निर्वासितांच्या वस्तीवर तुटून पडायचं. मिंथारा स्वतः जबरदस्त पात्र आहे. पण या एका कृत्याने विल आणि कार्लाख हे सोबती जातात, वस्तीतले व्यापारी जातात, त्या माणसांशी जोडलेली पुढची कामं जातात. घर रिकामं होतं आणि भरून येत नाही. वाईटाची किंमत मोजावी लागते हे खरं, मोजायलाच हवी. पण खेळाडूला पुढे नेणारं काहीतरी त्या बाजूलाही लागतं. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या सातव्या पॅचने दुष्ट नायकांसाठी नवे शेवट दिले, ते छान आहेत. मधल्या वाटेवर मात्र अजून माणसं कमी आहेत.

टेस्टिंगच्या काळात ईव्हिल रन सुरू करण्याआधी आमची लीड एक चिठ्ठी भरून घ्यायची. नायकाला काय हवंय? कशाची भीती वाटते? कुणाच्या केसाला धक्का लावणार नाही? हे ठरवल्याशिवाय खेळायला बसू द्यायची नाही. नव्या टेस्टरला वाटतं वाईट म्हणजे दिसेल त्याला मारायचं. तसं खेळून फार थोडे बग सापडतात, कारण तासाभरात बोलायलाच कुणी उरत नाही. लोभी माणूस मात्र सगळ्यांशी गोड बोलतो, प्रत्येक सौद्याच्या तळाशी जातो. हुकमाचा ताबेदार असलेला माणूस कायद्याच्या चौकटीत राहून भयंकर गोष्टी करतो. सूडाने पेटलेला एका माणसाशी क्रूर आणि बाकी सगळ्यांशी मऊ असतो. अशा माणसांना घेऊन गेलं की गेमचे कोनेकोपरे उघडे पडतात. हीच चिठ्ठी पुढे मी लिहिताना वापरली आणि अजून वापरतो.

माझ्या मावशीने एकदा मनापासून विचारलं होतं, “दिवसभर असलं वाईट वागायचं, मनावर काही चढत नाही का रे?” पडद्यावर बेरकी पुढारी रंगवणारे निळू फुले प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते होते, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, म्हणून तेवढ्यावर तिचं समाधान झालं. माझं झालं नव्हतं. नट ठरलेले शब्द बोलतो. रोलप्ले करणारा प्रत्येक वेळी स्वतः ठरवतो. मला वाटतं मनावर चढतं ते वाईट कृत्य नाही, ते कृत्य बिनवजनाचं असणं चढतं. पन्नासाव्यांदा तीच हवेली लुटताना काही वाटेनासं होतं. म्हणून मी पहिली फेरी नेहमी टीपवही बाजूला ठेवून खेळायचो आणि कुठे अस्वस्थ झालो ते संध्याकाळी लिहायचो. त्या नोंदी बगच्या यादीत जात नसत, पण लीड त्या मागून घ्यायची.

लिहायला लागल्यावर माझ्याकडे आली ती एक नावाडीण. आमच्या गेममध्ये नदीच्या उतारावर जकातनाका आहे, तिथे ती भेटते. नावेत घोंगडीत गुंडाळलेलं प्रेत. ती म्हणते, “पलीकडे न्यायचंय. वल्हं आणि हे, दोन्ही एकटीला जमत नाही. पाय धर.” खेळाडूपुढे तीन पर्याय: पाय धरायचे, भाड्याची घासाघीस करायची, किंवा प्रेत पाण्यात ढकलून आपण नावेत बसायचं.

पहिल्या दोन्हींत ती सांगते की हा माझा काका. पलीकडे चिता रचायला नायक मदत करतो, ती सोबत येते. तिसऱ्यात काय? ठरलेल्या आराखड्यात ती वल्हं उगारते, लढाई होते, ती मरते. म्हणजे वाईट खेळाडूने पहिल्याच भेटीत गेममधली सगळ्यात चांगली सोबती गमावायची. मी हे नको म्हणालो. आमच्या प्रोग्रॅमरने रास्त प्रश्न विचारला, “पण त्याने प्रेत ढकललं, तर ती त्याच्यासोबत का थांबेल?”

बैठकीत मी कर्णाचं उदाहरण दिलं. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर तो येतो, अर्जुनाला आव्हान देतो, आणि कृपाचार्य त्याचं कुळ विचारतात. त्याला वाढवणारा सारथी अधिरथ दिसल्यावर भीम त्याला चाबूक हाती घ्यायला सांगतो. त्या भरल्या मंडपात त्याला अंगदेशाचं राज्य देणारा आणि बदल्यात फक्त मैत्री मागणारा एकटा दुर्योधन. कर्ण शेवटपर्यंत का हलला नाही, याचं उत्तर त्या पहिल्या भेटीत आहे. वाईट माणसाजवळ माणसं राहतात, कारण भल्यांनी जे नाकारलं ते तो देतो. तेव्हा प्रश्न असा करायचा: या नावाडिणीला वाईट नायकाकडून असं काय मिळतं, जे चांगल्याकडून मिळणार नाही?

उत्तर प्रेतात सापडलं. ते काकाचं नव्हतंच. ते नाक्यावरच्या जकातदाराचं होतं, आणि मारलं होतं तिनेच. चांगल्या नायकापुढे तिला खोटं बोलावं लागतं. तो चिता रचतो, मंत्र म्हणतो, आणि तिला गप्प बसून ते सोसावं लागतं. खरं काय ते त्याला फार उशिरा कळतं. वाईट नायक प्रेत ढकलतो तेव्हा ती काही बोलत नाही. घोंगडी बुडेपर्यंत पाण्याकडे बघते. मग म्हणते, “दगड बांधायला हवा होता. वर येईल.” आणि दुसरं वल्हं त्याच्या हातात देते.

या दोन ओळींसाठी आम्ही पानभर संवाद काढून टाकला. वाईट वाटेवरच्या खेळाडूला ती पहिल्याच भेटीत खरी भेटते. चांगल्याला तिचा विश्वास मिळवावा लागतो, वाईटाला तो आयता मिळतो, आणि म्हणून पुढे तो मोडायची ताकदही त्याच्याच हातात येते. काही दिवसांनी प्रेत वर येतं, तिसराच माणूस पकडला जातो, आणि नाक्यावर बक्षीस लागतं. तिथे वाईट नायक तिला विकू शकतो. विकलं नाही तर त्या निरपराध माणसाला फाशी जाताना दोघांनी मिळून बघावं लागतं. तिच्या मनाच्या मोजमापासाठी आम्ही ऑब्सिडियन कंपनीच्या २०१६ सालच्या ‘टिरनी’ या गेमचा धडा घेतला. त्यात दुष्ट सम्राटाने जग आधीच जिंकलेलं असतं, नायक त्याचाच अधिकारी असतो, आणि सोबत्यांची निष्ठा आणि भीती वेगवेगळी मोजली जाते. दोन्ही एकाच वेळी वाढू शकतात. आवडलं-नावडलं या एका काट्यावर माणूस मावत नाही, हे तिथे मला पटलं. आमची नावाडीण शेवटी नायकाला घाबरते आणि तरीही त्याच्यासाठी वल्हं मारते, हे एका काट्यावर दाखवताच आलं नसतं.

आमच्याकडे लिहायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिलं काम हेच देतो. एक सोबती घ्या आणि त्याची पहिली भेट लिहा, पण समोरचा नायक वाईट आहे असं धरून. सोबती त्याच्याजवळ का थांबतो, याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरी ओळ लिहू नका. सज्जन नायकासमोरची भेट मागाहून लिहा, ती सोपी जाते. आणि खेळणाऱ्यांना एक विनंती: एखादा गेम मनापासून आवडला तर दुसऱ्या फेरीला वाईट नायक घ्या. सुरू करण्याआधी त्याला काय हवंय ते ठरवा, आणि प्रत्येक मुक्कामावर सोबत्यांशी बोला, विशेषतः जे बोलायला तयार नसतील त्यांच्याशी. त्या वाटेवर कुणीतरी रात्री जागवून लिहिलेलं असतं आणि तिथवर फार थोडे लोक पोचतात.